उंबऱ्यावरचं उत्तर

माणूस मागणाऱ्या वास्तूंच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांचे ढोबळ मानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात बुरूज दर रात्री ढासळतो आणि धाकट्या सुनेला चिणल्यावरच उभा राहतो. दुसऱ्या गटात तळ्याला पाणी लागत नाही. थोरली सून ओटी भरून पायऱ्या उतरते आणि तिच्या मागोमाग पाणी चढत येते. या दोन्ही गटांची चर्चा पुरेशी झाली आहे. तिसरा गट दुर्लक्षित राहिला, कारण त्यात कुदळ नाही, रक्त नाही, किंकाळी नाही. त्यात वास्तूला फक्त एक नाव दिले जाते.

या गटाचे तीन पाठ माझ्याकडे आहेत. पहिला मोडनिंबच्या बनाबाईंनी सांगितला. त्यात सून रागाच्या भरात सासूचे नाव देते. दुसरा माळशिरसकडच्या एका मेंढपाळाचा. त्यात भाऊ भावाचे नाव देतो, तेही वाटणीच्या लोभाने. तिसरा पाठ सोलापूरचा, अक्कलकोट रस्त्यालगतच्या एका नव्या वसाहतीतला. त्यात नाव देणारा रागावलेला नाही, लोभीही नाही. तो लोकसाहित्याचा निवृत्त प्राध्यापक आहे. निवेदक कितपत विश्वसनीय आहे हे मला सांगता येणार नाही, कारण निवेदक मीच आहे.

वैजयंती आणि मी एकतीस वर्षे भाड्याच्या खोल्यांत राहिलो. आम्हांला मूलबाळ नव्हते, सामानही फार नव्हते, तरी प्रत्येक घरमालकाने पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली होती: भिंतीत खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे आमचे कॅलेंडर एकतीस वर्षे खिडकीच्या गजाला लटकले. वाऱ्याने फडफडायचे. नगरपालिकेच्या शाळेतून दमून आलेली वैजयंती त्याच्याकडे बघून म्हणायची, “याला एकदा भिंतीवर टेकू द्या हो.”

अक्कलकोट रस्त्यालगत आम्ही एक प्लॉट घेऊन ठेवला होता. निवृत्तीनंतर तो बांधायला काढला. गवंडी मडिवाळप्पा दुधनीचा, साठीच्या आसपासचा, कन्नड वळणाचे मराठी बोलणारा. त्याची बायको गुरम्मा माल कालवायची, घमेली द्यायची. वैजयंतीचे आणि त्याचे पहिल्या दिवसापासून जमले, म्हणजे भांडण जमले.

“वट्टा किती उंच घ्यायचा, बाई?”

“दोन इंच खाली घ्या. मी काय ताड आहे?”

“सगळ्या बाया पयल्यांदा असंच म्हणत्यात. मग कंबर धरून आमाला शिव्या देत्यात.”

“मी शिव्या समोरच देते. मागं नाही.”

यावर गुरम्मा तोंडाला पदर लावून हसत राहायची.

चौकट बसवण्याच्या आदल्या दिवशी मडिवाळप्पाने मला बाजूला घेतले. “सर, उद्या उंबरा बसला की मी इचारणार, घर कुणाचं? तुमी म्हणायचं, देवाचं. बास. जित्या माणसाचं नाव घ्यायचं न्हाय.”

हा विधी मी ऐकून होतो, पण कुठे छापलेला पाहिला नव्हता. आनंदाने मी मोबाईलचे ध्वनिमुद्रण सुरू ठेवायचे ठरवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला. ताटातल्या निरांजनाला पदराचा आडोसा धरून वैजयंती उभी होती. नुसत्या विटांच्या त्या चौकटीकडे ती अशी पाहत होती, की मला दुसरे काही दिसेना. मडिवाळप्पाने विचारले, “घर कुणाचं?”

मी म्हणालो, “वैजयंतीचं.”

मजूर हसले. वैजयंती लाजली, “काहीतरीच तुमचं,” म्हणाली. मडिवाळप्पा मात्र हसला नाही. थापीवरचा माल खाली टाकून तो हळूच म्हणाला, “चुकलं सर. परत इचारतो. नीट सांगा. घर कुणाचं?”

पहिले उत्तर प्रेमापोटी गेले, असे मी स्वतःला सांगू शकतो. दुसऱ्या उत्तराच्या वेळी मला नियम आठवत होता, गवंड्याचा चेहरा दिसत होता आणि खिशात मोबाईल चालू होता. नियम मोडल्यावर सांगणारे काय करतात, याची नोंद मला हवी होती.

“वैजयंतीचं,” मी स्पष्ट उच्चारात म्हणालो.

गुरम्माच्या हातातले घमेले खाली आले. “बेड री, सर, बेड...” ती माझ्याकडे बघून पुटपुटली. नको, नको. मडिवाळप्पाने उंबऱ्याखाली माल भरला.

एप्रिलमध्ये स्लॅब टाकला. ताज्या स्लॅबवर मातीची आळी करून पंधरा दिवस पाणी साठवावे लागते. नाहीतर उन्हाने तो तडकतो. आमच्या भागात नळाला पाणी पाचव्या दिवशी, त्यामुळे सगळी भिस्त टँकरवर. चौथ्या दिवशी टँकर आला नाही. पाचव्या दिवशी दुपारपर्यंतही नाही.

त्या दोन दिवसांत वैजयंतीने भाड्याच्या घरातला माठ रिकामा केला. मग शेजारून कळशी आणली. ती बसून, उभ्याने, तांब्याला तोंड लावून पीत होती आणि ओठ सुकतच होते. दुसऱ्या दुपारी तिच्या खालच्या ओठाला उभी चीर गेली. तिच्यातून रक्त आले नाही. डॉक्टरांनी साखर तपासली. साखर व्यवस्थित निघाली.

संध्याकाळी मडिवाळप्पाचा फोन आला. “सर, टँकर आला, आळी भरली.” मी फोन ठेवला तेव्हा वैजयंती तांब्या पालथा घालत होती. “झालं,” ती म्हणाली, “आता नको.”

मी याला योगायोग म्हटले. शास्त्रात हा शब्द वापरण्याची मुभा आहे.

पुढच्या महिन्यात वायरिंगच्या झिऱ्या मारायला, म्हणजे भिंतीत चर कोरायला, जोतिराम नावाचा इलेक्ट्रिशियन आला. मंगळवारी अकराच्या सुमाराला वैजयंती मेथी निवडत बसली होती. एकाएकी तिने डावा हात छातीशी घेतला. ओरडली नाही, दात आवळून नुसती बसून राहिली. मी बाही वर केली. खांद्यापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ उमटत होती, ओळंब्याने आखावी तशी सरळ. कोपराच्या वर ती काटकोनात वळली आणि थांबली. तिथे चार बोटांचा एक चौकोन उठला.

मी रिक्षाने बांधकामावर गेलो. बैठकीच्या डाव्या भिंतीत जोतिराम स्विचबोर्डाचा चौकोन कोरत होता.

“थांबव,” मी म्हणालो.

“का सर? बोर्ड चुकला का?”

“थांबव म्हणतो ना...”

मी सगळे काम थांबवले. गिलावा अर्धा झाला होता. पश्चिमेची भिंत उघडी राहिली. आता काही होणार नाही, असे मला वाटले. पण त्या दिवसापासून वैजयंतीला एका जागी बसवेना. भाड्याच्या दोन खोल्यांत ती दिवसभर या दारातून त्या दारात जायची. जेवताना मधेच उठायची. भर मे महिन्यात अंगावर शाल घ्यायची.

“वैजू, काय होतंय?”

“एक बाजू उघडी पडलीय हो.” हे ती अगदी सहज सांगायची, जणू पाय दुखतो म्हणावे. “धूळ आत येते. पुरं करा ना... लौकर पुरं करा.”

“आणि पुरं झाल्यावर?”

ती माझ्याकडे बघत राहिली. उत्तर ठाऊक असलेले मूल वर्गात गप्प बसते, तशी.

दुपारी ती मला न सांगता बांधकामावर जाऊ लागली. मी पोचायचो तेव्हा ती बैठकीच्या मध्यभागी सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर बसलेली असे. बाहेर ऊन रणरणत असे, रस्त्यावर कुत्रेदेखील नसे, आणि आत ओल्या चुन्यासारखा एक थंड वास. दरवेळी तिला हाताला धरून उठवावे लागे. दरवेळी ती उंबऱ्याशी थोडी अधिक रेंगाळे. जूनच्या सुरुवातीला एकदा तिला बाहेर काढायला मला आणि गुरम्माला मिळून जोर लावावा लागला. चाळीस किलोची बाई. पण आम्ही दोघे घामाघूम झालो.

त्या दिवशी मी मडिवाळप्पाला विचारले, “नाव परत घेता येतं का?”

“न्हाय.”

“बदलता येतं?”

तो बराच वेळ नखाखालचे सिमेंट काढत राहिला. “येतं. पन दुसऱ्यानं आपलं सोताचं नाव द्यायला पायजे. उंबऱ्यावर हुबं राहून, आपल्या तोंडानं. दुसऱ्याचं देऊन चालत न्हाय आता. आन् घर पुरं व्हायच्या आत.”

“तुम्ही कधी पाहिलंय असं झालेलं?”

“नाव दिल्यालं बगितलं. बदलल्यालं न्हाय.” मग त्याने वर पाहिले. “कुणी हुबं ऱ्हात न्हाय की, सर.”

“मी राहतो,” मी म्हणालो.

गुरुवारची सकाळ ठरली. आधी पश्चिमेच्या भिंतीवरचा गिलाव्याचा शेवटचा हात सोडून भिंतींचे सगळे काम पुरे करायचे, मग विधी, मग तो राहिलेला हात. वैजयंतीला मी काही सांगितले नाही, पण तिला कळले असावे. निघताना तिने माझ्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. “तुम्ही उगीच काही करू नका,” ती म्हणाली. “मला तिथं बरं वाटतं. खरंच.”

“मला नाही वाटत.”

“तुम्हांला काय, कुठंही बरं वाटतं. पुस्तक असलं की झालं.”

रिक्षात तिने माझा हात घट्ट धरला होता. तिचा तळवा खरखरीत, थंड झाला होता.

मजुरांना सुट्टी दिली होती. मडिवाळप्पा आत, उंबऱ्यापलीकडे उभा राहिला. मी उंबऱ्यावर. वैजयंती माझ्या मागे, एका पावलावर, आणि तिच्याजवळ गुरम्मा. दाराला अजून फळी नव्हती. आतल्या तिन्ही खोल्या इथूनच दिसत होत्या, रिकाम्या, राखाडी. मागचे दार आम्ही ठेवलेच नव्हते आणि खिडक्यांना गज बसले होते.

मडिवाळप्पाने हात जोडले आणि विचारले, “घर कुणाचं?”

माझे नाव साडेचार अक्षरांचे आहे. ते उच्चारायला वेळ लागत नाही. पण मी एक श्वास थांबलो. त्या श्वासात माझ्या मनात भीती होती, असे म्हणणे मला सोयीचे ठरेल. भीती होतीच. पण तिच्याही पुढे एक विचार उभा होता, आयुष्यभराच्या सवयीचा: हे खरे आहे, याचा आधी एखादा पुरावा मिळाला तर बरे.

“माझं,” आतून उत्तर आले.

आवाज वैजयंतीचा होता. तो एका खोलीतून आला नाही. बैठकीतून, स्वयंपाकघरातून, पलीकडच्या खोलीतून एकदमच आला, आणि स्लॅबखालूनही. मी मागे वळलो. वैजयंती तिथेच उभी होती आणि तिचे ओठ मिटलेले होते.

कोणी ओळखीचे हाक मारते तेव्हा माणूस जसा बघतो, तसे तिने आत पाहिले. मग मला दंडाला धरून जरा बाजूला सारून ती आत गेली. डावीकडे वळली, स्वयंपाकघराच्या भिंतीआड झाली.

मी धावत गेलो. स्वयंपाकघरात ओटा होता, दोन इंच खाली घेतलेला. पलीकडच्या खोलीत वाळूचा ढीग होता. त्यावर पावले नव्हती. बैठकीत मडिवाळप्पा भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याच्यासमोरून ती बाहेर गेली नव्हती. दारात गुरम्मा उभी होती. मी उंबऱ्यावर परत आलो आणि माझे नाव सांगितले. मोठ्याने सांगितले. घसा बसेपर्यंत सांगत राहिलो. शेवटी गुरम्माने माझ्या तोंडावर हात ठेवला.

चौकीत हरवल्याची नोंद झाली. शिपायाने विचारले, “शेवटचं कुठं पाहिलं?” मी सांगितले, “घरात.” मडिवाळप्पा दुधनीला निघून गेला. गिलाव्याचा राहिलेला हात मी कोणाकडून करून घेतला नाही, पण श्रावणात जाऊन पाहिले तेव्हा पश्चिमेची भिंत पुरी झालेली होती.

भाड्याच्या खोल्या मी त्याच महिन्याच्या अखेरीस सोडल्या. तिची वाट बघायची तर तिथे बसून बघण्यात अर्थ नव्हता. भर दुपारी टेम्पो दाराशी लागला. पुस्तकांचा पहिला खोका उचलून मी आत जायला निघालो आणि एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकले.

“अहो, चपला बाहेर काढा. आत्ताच पुसलंय.”

मी खोका खाली ठेवला आणि चपला बाहेर काढल्या.