दोन बोटं खाली

शाल घ्यायला म्हणून जयवंता इतवारीच्या बाजारात आली आणि पुडकं घेऊन निघताना पावसात अडकली. जानेवारीतला पाऊस तो… धड पडतही नव्हता आणि धड थांबतही नव्हता. भांड्यांच्या एका दुकानापुढच्या ताडपत्रीखाली ती अंग चोरून उभी राहिली. आत शिरणारी गिऱ्हाइकं तिला ढकलून जात होती आणि दुकानदार बघत होता की ही बाई पातेलं घेणार आहे की नुसतीच उभी राहणार आहे. एरवी तिने त्याला दोन शब्द सुनावले असते. आज तेवढंही त्राण नव्हतं. ती दवाखान्यातली रात्रपाळी संपवून थेट इकडे आली होती.

तेवढ्यात तिच्यासमोर एक हातगाडी येऊन अडली. गाडीवर दोन भोंगे आणि एक लाकडी पेटी होती. पेटीवर चारी बाजूंनी नीट खोचलेलं मेणकापड, आणि गाडी ढकलणारा माणूस मात्र डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता.

"मशीन कोरडं अन् मालक ओला?" तिच्या तोंडून निघून गेलं.

रुपरावने वळून पाहिलं आणि तो एकदम गोंधळला. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आधी ही बाई दिसते हे त्याला ठाऊकच नसावं.

"मशीनले सर्दी झाली तं ते खरखर करते, बाई. मले झाली तं… कोण आयकते?"

जयवंता हसली. हसल्यावर तिला आठवलं की आपण बऱ्याच दिवसांत हसलो नव्हतो.

रुपराव म्हणजे 'भागीरथा साउंड सर्व्हिस'. आईच्या नावाचं छोटंसं दुकान, लग्नामुंजींपासून सभांपर्यंत सगळीकडे माईक लावायचा धंदा. दर शनिवारी तो रामदासपेठेतल्या 'हॉटेल चांदणी'त माईक लावायचा आणि जयवंता त्या माईकवरून नावं पुकारायची. याला आज बारा वर्षं होत होती. एवढ्या काळात दोघांचं जे काही बोलणं झालं होतं, ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं आणि वर पत्त्याला जागा उरली असती.

"शाल कोनासाठी?" तिच्या हातातल्या पुडक्यातून डोकावणारी शाल पाहून त्याने विचारलं.

"माझ्याचसाठी. आज शेठजी माझा सत्कार करून राहिले ना. अन् शाल आणायचं काम कोनाले सांगतलं? मलेच!"

आता तो हसला. मग हसता हसता थांबला.

"सत्कार काहून? तुमी… कुठी जाऊन राहिल्या का?"

"हाव. आजचा शेवटचा शनिवार." तिने पुडकं उगाच या हातातून त्या हातात घेतलं. "उद्या दहा वाजता खाप्याचे लोक लग्न पक्कं कराले येतात. विश्वनाथदादानं जमवलं. मधुकरराव म्हणून हेडमास्तर हायेत, बायको जाऊन तीन वर्षं झाली… चांगला माणूस हाये म्हणे."

रुपरावने मेणकापडाचं एक टोक काढलं आणि पुन्हा होतं तिथेच खोचलं.

"खापा… चांगलं गाव हाये," तो म्हणाला. "कन्हानच्या काठी." आणि थोडं थांबून, अगदी गंभीरपणे, "तिथी माईक हाये का?"

"घरात कायले माईक पायजे, रुपराव?"

मागून टेम्पोवाल्याने भोंगा वाजवायला सुरुवात केली, तशी गाडी पुढे सरकली. तो दिसेनासा होईपर्यंत जयवंता बघत राहिली. एवढंच? चांगलं गाव हाये, कन्हानच्या काठी, बस? तिला त्याचा राग आला आणि आपल्याला राग का यावा याचा आणखी राग आला.

खरं तर तिला ठाऊक होतं. दवाखान्याच्या टेलिफोनवर आठवडाभर ती लोकांची बोलणी जोडून द्यायची. कुणाचं बाळ, कुणाचं मरण, कुणाचं नुसतंच 'जेवलास का' – सगळं तिच्या कानावरून जायचं आणि त्यातलं एकही बोलणं तिच्यासाठी नसायचं. घरी दादा-वहिनी चांगले होते, पण त्यांच्या संसारात ती बाकावरच्या जास्तीच्या उतारूसारखी होती. शनिवारी पाच वाजता मात्र एक माणूस कोपऱ्यातल्या मशीनमागून तिच्याकडे बघून मान हलवायचा – चालू हाये, बोला – आणि मग ती बोलायला लागायची. अख्ख्या आठवड्यात तिच्याकडे बघून कोणी मान हलवावी अशी ती एवढीच जागा होती. खाप्याच्या स्थळाला ती दादाला 'हो' म्हणाली नव्हती. 'बघ तुला पटेल तसं' म्हणाली होती, कारण नाही म्हणायलाही जोर लागतो. आता उद्या दहापर्यंत कोणी 'थांब' म्हणालं नाही तर ती जाणार होती. कोणी म्हणजे, अर्थातच, एकाच माणसाने म्हणायला हवं होतं. आणि तो माणूस मेणकापड खोचत बसला होता.

*

'चांदणी'त पूर्वी कॅब्रे चालायचा. सदुसष्टच्या जानेवारीत एका शनिवारी कलकत्त्याहून येणारी नाचणारी बाई गाडी चुकल्यामुळे आलीच नाही आणि इकडे हॉल खचाखच भरलेला. मालक ताराचंदशेठ घाम पुसत स्टेजवर चढले आणि हात जोडून म्हणाले, ज्याला गाता येतं त्याने चिठ्ठीवर नाव लिहून या लोट्यात टाका. हॉटेलच्या टेलिफोनवर तेव्हा बावीस वर्षांची जयवंता बसायची. तिचे उच्चार साफ होते म्हणून शेठजींनी चिठ्ठ्या वाचायला तिला पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी नाचणारी बाई आली, दोन वर्षांनी कॅब्रे बंद पडला, जयवंताही दवाखान्यात नोकरीला लागली, पण चिठ्ठ्यांचा शनिवार काही संपला नाही. त्याचा नियम एकच होता. चिठ्ठी निघाली की चढायचंच. गाणं येत नसेल तर नमस्कार करून उतरायचं, पण चढायचं. मित्रांनी परस्पर नाव टाकलं म्हणून एका नवरदेवाला तिथे मुंडावळ्यांसकट चढावं लागलं होतं.

बारा वर्षांनंतर हॉलचे लाल पडदे विटले होते. छताला टांगलेल्या आरशांच्या गोळ्याचे निम्मे तुकडे गळून पडले होते. आज शेठजींनी झेंडूच्या माळा लावल्या होत्या, त्यामुळे पडदे आणखीच जुने दिसत होते. जयवंता साडेचारला आली तेव्हा हॉल रिकामा होता. रुपराव स्टेजवर उकिडवा बसून माईकचा स्टँड लावत होता. शर्ट बदलून आला होता, केस मात्र ओलेच होते.

ती जवळ गेली आणि तिला ते दिसलं. स्टँडच्या दांडीला दोन धागे बांधलेले होते. एक वर, जुना, लाल रंग उडालेला. दुसरा त्याच्या खाली दोन बोटांवर, ताजा.

"हे काय बांधलं?"

रुपराव बराच वेळ स्क्रू पिळत राहिला. पिळण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"तुमची उंची हाये."

"माझी?"

"गाणारे येतात, कोणी उंच, कोणी ठेंगणे. हरेकाच्या मागून तुमी येता. दर खेपेस शोधाव लागू नये म्हणून… वरचा धागा सदुसष्टचा हाये. तुटला की नवा बांधतो."

"अन् खालचा?"

"दिवाळीपासूनचा."

"काहून? मी काय ठेंगणी झाली?" तिचा आवाज चढला. "सरळ म्हना ना, म्हातारी होऊन राहिली म्हनून!"

"नाई हो… वय नाई." त्याने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "मान. तुमची मान खाली आली. आवाज माईकच्या खालून जाते. लोकाईले नाई समजत, मले मशीनवर दिसते. मी म्हटलं, बाईनं कायले वर पाहाव… माईकच खाली घेऊ."

तिला रडू येत होतं आणि शेठजी कोणत्याही क्षणी माळा बघायला आत येणार होते. दवाखान्यात दोन डॉक्टर तिच्या खुर्चीमागून रोज ये-जा करायचे. घरी वहिनी रोज समोर बसून जेवायची. ती वाकली हे कोणाला कळलं नव्हतं, तिचं तिलाही नाही. याने ते दोन बोटांत मोजून ठेवलं होतं.

"मग बोलले काहून नाई कधी?" तिने हळूच विचारलं.

"मी दुसऱ्याचे आवाज वाढवतो, बाई," रुपराव उठत म्हणाला. "आपला कधी टाकून नाई पाह्यला."

*

पाचला हॉल भरला. तो कोपऱ्यातून मान हलवेपर्यंत जयवंता थांबली आणि मग बोलायला लागली. शेठजींनी तिच्या खांद्यावर तिनेच आणलेली शाल घातली, हातात नारळ दिला आणि "ये मेरी बेटी है" म्हणताना तिच्यापेक्षा जास्त रडले. गिरणीतून निवृत्त झालेले धोंडबा त्यांचं नेहमीचं भजन नेहमीच्याच ओळीवर चुकले, आणि हॉलने नेहमीसारखी ती ओळ त्यांना मागून पुरवली. एकामागून एक चिठ्ठ्या निघत होत्या. प्रत्येक गाणाऱ्यानंतर रुपराव खाली वाकून यायचा, स्टँड फिरवायचा आणि जायचा. आज तिला त्याचा हात दिसत होता. तो न बघता खालच्या धाग्यावर जाऊन थांबायचा.

पायांना रात्रपाळी जाणवायला लागली होती. डोळे चुरचुरत होते. लोट्यातल्या चिठ्ठ्या संपल्या, तेव्हा तिने नारळ खाली ठेवला, टेबलावरची पेन्सिल घेतली आणि सगळ्यांकडे पाठ करून एक चिठ्ठी लिहिली. लोट्यात टाकली आणि लगेच तीच काढली. बारा वर्षांतली ही तिची पहिली लबाडी.

"आता येत आहेत…" तिने कोपऱ्याकडे पाहिलं, "भागीरथा साउंड सर्व्हिसचे रुपराव."

मग सगळ्या खुर्च्या कोपऱ्याकडे वळल्या. रुपराव मशीनमागे असा बसला होता, जणू हे नाव दुसऱ्याच कोणाचं आहे.

"चढ गा रुपराव!" धोंडबा ओरडले. "चिठ्ठी निघाली की चढा लागते!"

तो चढला. शर्टाला हात पुसले. माईक त्याच्या छातीपाशी येत होता. स्टँड वर घेणं हे त्याचं रोजचं काम, पण त्याने हात लावला नाही. खालच्या धाग्यावर होता तसाच राहू दिला आणि स्वतः वाकला.

"हॅलो… हॅलो… वन, टू, थ्री…"

हॉल खो खो हसला. त्याचे कान लाल झाले. जयवंता मात्र हसली नाही.

"मले गाता येत नाई," तो म्हणाला. "मी बारा वर्षं हा दांडा वर-खाली करून राहिलो. आता बाई चालल्या. तं… पुढच्या शनिवारी हा कोनाच्या उंचीले लावाचा, मले काही समजून नाई राहिलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. निरोपाचं छान बोलला, असं त्यांना वाटलं. पण तो खाली उतरला नाही. त्याने अंगठ्याने माईकचं बटण बंद केलं, वाकलेलाच तिच्याकडे वळला आणि काहीतरी म्हणाला.

"आवाज!" मागून कोणीतरी ओरडलं. "आवाज नाई येऊन राहिला!"

"अरे रुपराव, मशीन बिगड़ गया क्या?" शेठजी घाबरले. बारा वर्षांत त्याचा माईक कधी बंद पडला नव्हता.

जयवंताला मात्र ऐकू आलं होतं. "नका जाऊ. मले तुमी पायजे." एवढंच होतं ते. टेलिफोनवर हजारो बोलणी कानावरून गेलेल्या त्या बाईला, हे बोलणं आपल्यासाठी आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

मग तिने स्टँडचा स्क्रू सैल केला. तिला ते काही नीट जमेना, रुपरावने दांडी धरली. तिने माईक वर सरकवला – खालचा धागा सोडून, विटक्या लाल धाग्यापर्यंत. तिथपर्यंत पोचायला तिला पाठ सरळ करावी लागली. पाठ दुखली. थकवा काही गेला नव्हता, पण ती पोचली. तिने बटण चालू केलं.

"आजच्या चिठ्ठ्या संपल्या. पुढच्या शनिवारी पाच वाजता, इथेच. नावं मीच पुकारणार आहे."

शेठजींनी आधी शालीकडे पाहिलं, मग नारळाकडे. सत्काराचं आता काय करायचं हे त्यांना उमगेना. धोंडबांना मात्र उमगलं असावं, कारण सगळ्यात आधी त्यांनीच टाळी वाजवली.

*

सव्वाआठला बाहेर पुन्हा तोच पाऊस होता. रुपराव गाडीवर पेटी ठेवून मेणकापड खोचत होता. जयवंता मागून आली आणि तिने खांद्यावरची शाल काढून त्याच्या डोक्यावर टाकली.

"अवो, भिजन ना ते! सत्काराची शाल हाये."

"भिजू द्या. आता मशीनपेक्षा मालकाकडे पाहाव लागते."

तो शालीखालून तिच्याकडे बघत राहिला. बोलायला काही सुचलं नाही की तो नेहमीच असा बघायचा. फक्त आज त्यांच्यामध्ये मशीन नव्हतं.

"खाप्याचे लोक दहाले येतात," ती म्हणाली. "उगाच त्याईचा खेटा कायले? दादा त्याईले सकाळी निरोप धाडते. पण दादाले सांगाले कोनी पायजे ना. तुमी सहाले या. मायले घेऊन या."

"येतो," रुपराव म्हणाला. हे इतकं हळू म्हणाला की पावसातही विरून गेलं.

"अन् रुपराव…" ती थकून, हसून म्हणाली, "आमच्या घरी माईक नाई. जरा मोठ्यानं बोलजा."