तोंड बांधलेला डबा

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे.

हसा. मला ओळखणारे हसतातच. माशाने माझी सायकल नदीत ओढून नेली, ती गोष्ट मीच सांगितली होती. वाळवीने अख्खं कपाट खाल्लं आणि कुलूप तेवढं हवेत लटकत राहिलं, तीही माझीच. दोन्ही शुद्ध थापा.

ही थाप नाही. ही सांगताना मला भीती नाही वाटत, राग येतो.

आणखी एक. काळोखी रात्र, रडणारी कुत्री वगैरे हवं असेल तर दुसरीकडे बघा. शनिवारची सकाळ होती. लख्ख ऊन. विद्यापीठाचा तळमजल्यावरचा हॉल. सगळ्या ट्यूबलाइट चालू, खुर्च्या भरलेल्या, लोकांच्या हातात चहाचे कागदी कप.

एवढ्या उजेडात ते आलं.

पण त्याआधीचं सांगायला हवं.

मी सुतार. फर्निचरचा छोटा कारखाना आहे. माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी त्या कारखान्याच्या भुशात खेळत मोठी झाली. तिला आम्ही चिमटी म्हणायचो. एक तर चणीने एवढीशी. दुसरं, कॉलेजात गेल्यापासून हातात कायम तो बारीक तारा धरायचा चिमटा. आणि तिसरं म्हणजे, बोलली की समोरच्याला चिमटा बसायचाच.

एक दिवस आली आणि म्हणाली, "मामा, आम्ही मुलंमुली मिळून उपग्रह बनवतोय."

"कशाचा? पुठ्ठ्याचा?"

"खरा! वर जाणार आहे. तुझी टेप दे."

माझी चांगली स्टीलची मोजायची टेप. तिने पत्र्याची कात्री घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत पुढचा हातभर तुकडा कापला.

"अगं ए बये! काय करतेस?"

"अँटेना. ओरडू नकोस, तुझं नाव होईल."

मग भुशात मांडी घालून तिने मला समजावलं. त्यांचा उपग्रह म्हणजे विटेएवढा ठोकळा. ठोकळाच म्हणायचे सगळे त्याला. टेपचा गुण असा, की कितीही गुंडाळा, सोडली की ताडकन सरळ होते. म्हणून ती ठोकळ्याभोवती गुंडाळायची आणि मासे पकडायच्या दोऱ्याने बांधायची. वर गेल्यावर आतली एक तार तापते, दोरा जळतो, आणि...

खट्!

अँटेना उघडली. मग ठोकळा बोलायला लागतो.

ते खट् तिने मला किती वेळा ऐकवलं असेल! बांधायची, दोरा जाळायची, खट्. पुन्हा बांधायची. हजार आवाजांत ओळखेन मी तो.

तेव्हापासून माझी टेप हातभर पुढूनच सुरू होते. गिऱ्हाइकांना सांगायचो, सुरुवातीचं माप वर निघालंय, उरलेलं खाली आहे.

आता ती खोली.

तळघरात होती. खिडकी नाही. आत एक मोठं पोलादी पिंप. त्यात ठोकळा ठेवायचा, हवा काढून घ्यायची आणि भोवतीने अतिथंड नायट्रोजन फिरवून पिंप गारठवायचं, वर जशी थंडी असते तसं. आता नायट्रोजन गळला तर वास येत नाही. दिसत नाही. जीव घुसमटतोय हेसुद्धा माणसाला कळत नाही. नुसती गुंगी येते, आणि संपलं. म्हणून भिंतीवर एक पांढरा डबा. खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की तो बोंबलतो. पीं पीं पीं... थांबतो... पीं पीं पीं.

एका संध्याकाळी चिमटी कारखान्यात आली ती तणतणतच.

"मामा, त्या डब्याचं तोंड बांधलं रे त्यांनी!"

"कोणी?"

"फीतसाहेबांनी. दुसरं कोण?"

फीतसाहेब म्हणजे त्यांचे विभागप्रमुख. कुठेही फीत दिसली की कापायला हजर, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव.

"पाहुणे येणार होते बघायला. डबा सारखा वाजत होता. यांना लाज वाटली. वायरच काढून टाकली. अरे, पण तो का वाजतोय, हे एकाने तरी विचारायचं! कुठेतरी गळतंय म्हणून वाजतोय ना तो?"

"मग तू गप्प बसलीस?"

"मी? सगळ्यांसमोर बोलले. तर म्हणतात, ताई, जास्त डोकं चालवू नका, ठोकळा चालवा."

त्याच आठवड्यात ती गेली.

भर दुपारी. बाकीचे जेवायला गेले होते, ही पिंपावरचे आकडे बघायला आत गेली. परत आले तर भिंतीला टेकून बसलेली. डोळा लागावा तशी. हातात चिमटा.

आणि चौकशीची माणसं आली तेव्हा भिंतीवर तो डबा... चालू. हिरवा दिवा लागलेला.

कोणीतरी वायर जोडली होती. तिला बाहेर काढायच्या आधी की नंतर, ते त्यांनाच ठाऊक.

चौकशी झाली. निकाल काय, तर धोक्याची सूचना देणारं यंत्र व्यवस्थित चालू होतं, विद्यार्थिनीने त्याकडे दुर्लक्ष केलं, निष्काळजीपणा.

बहीण त्या दिवशी एवढंच म्हणाली, "दादा, माझी मुलगी बहिरी नव्हती."

मी गेलो समितीसमोर. चिमटी जे बोलली ते शब्दन् शब्द सांगितलं. फीतसाहेब बाजूलाच बसले होते. ते हसले. गोड हसले हो.

"मामा, तुमच्या गोष्टी फार रंगतात म्हणे! ती माशाने सायकल नेल्याची ऐकवा ना एकदा."

सगळी समिती हसली.

माझ्या हातात तेव्हा धारदार पटाशी नव्हती, हे बरंच झालं.

चिमटीची एक मैत्रीण होती, उंच, तिला सगळे शिडी म्हणायचे. वायर काढताना ती तिथे होती. पण तिची पदवी फीतसाहेबांच्या सहीवर. ती गप्प राहिली. मी तिच्यावर चिडलो नाही... छे, खोटं कशाला बोलू? चिडलो. खूप चिडलो.

काही महिन्यांनी ठोकळा वर गेला. पेपरात फीतसाहेबांचा फोटो. चिमटीचं नावसुद्धा नाही.

आणि मग त्यांचं आमंत्रण आलं. ठोकळ्याचा पहिला आवाज सर्वांना ऐकवणार. 'आमच्या लाडक्या दिवंगत विद्यार्थिनीच्या' आईच्या हस्ते बटण दाबलं जाणार.

लाडक्या!

मी कागद चुरगळला. बहिणीने तो उचलून सरळ केला.

"जायचं, दादा. मला त्या माणसाच्या डोळ्यांसमोर उभं राहायचंय."

म्हणून त्या शनिवारी आम्ही त्या हॉलमध्ये होतो.

मंचावर चिमटीचा फोटो. पुढे जाड मेणबत्ती. बाजूला पडदा. मी दारातच होतो, तेवढ्यात शिडीने मला कोपऱ्यात ओढलं. चेहरा पांढराफटक.

"मामा, ठोकळा मुका आहे. वर गेल्यापासून एक आवाज नाही. बहुतेक अँटेनाच उघडली नाही."

"मग आज काय ऐकवणार? बासरी?"

"पडद्यामागे त्याचा जुळा आहे. चाचणीसाठी बनवलेला. काकूंनी बटण दाबलं की मी तो गुपचूप चालू करायचा. सर म्हणणार, अवकाशातून आला आवाज."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या पोरीच्या आईच्या हातून नाटक!

"आणि तू करणार हे?"

शिडीने मूठ उघडली. आत जुळ्याच्या बॅटरीचे सेल होते.

"एकदा गप्प बसले, मामा. आता नाही."

बहिणीला सांगावं म्हणून वळलो... तोवर तिला मंचावर नेलं होतं.

भाषण झालं. हुंदका आणून झाला. फीतसाहेब म्हणाले, "आणि आता..." बहिणीने बटण दाबलं.

स्पीकरमधून नुसती खरखर.

फीतसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं. शिडी हाताची घडी घालून उभी. त्यांनी डोळे वटारले. ती हलली नाही.

खरखर... खरखर...

आणि मग मला जाणवलं, की ती खरखरही थांबलीये.

पंखे फिरत होते, पण आवाज नाही. कोणी खोकत नव्हतं. खुर्ची करकरत नव्हती.

माझं लक्ष मेणबत्तीकडे गेलं.

वारा नव्हता. ज्योत जराही हलली नाही. ती नुसती खाली खाली बसत गेली... निळी झाली... आणि गेली.

शिपाई पुढे झाला. काडी ओढली. ठिणगी उडाली, पण काडी पेटली नाही. दुसरी ओढली. तीही नाही.

आणि तेव्हा...

खट्!

स्पीकरमधून नाही. हॉलच्या मधोमध, आमच्या डोक्यांवरून.

माझी टेप!

मग आवाज सुरू झाला.

पीं पीं पीं...

थांबला.

पीं पीं पीं...

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! अहो, खरंच! त्यांना वाटलं, उपग्रह बोलला. पुढच्या रांगेतले पाहुणे तर उभे राहिले. सगळा हॉल टाळ्या वाजवतोय आणि वरून तो आवाज, प्रत्येक वेळी जरासा जवळ...

पीं पीं पीं...

एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता.

फीतसाहेबांनी गळ्याचं बटण सोडलं. मग दुसरं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. हो, माशासारखंच. माशाची गोष्ट हवी होती ना त्यांना?

मग ते ओरडले.

"बंद करा! बंद करा ते! वायर काढली होती ना त्याची? मी स्वतः उभं राहून काढून घेतली होती!"

माईक चालू होता.

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. आवाजही थांबला.

बहीण त्यांच्या शेजारीच होती. बोट अजून बटणावर. तिने आवाज जरासुद्धा चढवला नाही.

"कधी, सर?"

आणि तो माणूस उत्तर देऊन बसला.

"पाहुणे यायचे होते ना... त्याच्या आदल्या दिवशी..."

एवढं बोलल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते.

शिपायाच्या हातातली काडी भपकन पेटली.

फार हलकल्लोळ झाला. मी धावत पडद्यामागे गेलो. जुळा ठोकळा मीच बनवून दिलेल्या लाकडी पेटीत होता. पेटीची कडी लागलेली. सेल शिडीच्या मुठीत, तिच्या तळव्यावर त्यांचे वळ उठले होते.

कितीतरी जणांनी फोनवर चित्रण केलं होतं. सगळी बघितली. खरखर आहे. टाळ्या आहेत. त्याचं ओरडणं आहे. "कधी, सर?" आहे.

खट् नाही. पीं पीं नाही. एकाच्याही फोनमध्ये नाही.

तुम्ही म्हणाल, चला, न्याय झाला.

कसला न्याय! पुन्हा चौकशी बसली. शिडीने उभं राहून सगळं सांगितलं. 'निष्काळजीपणा' हा शब्द त्यांनी खोडला, आणि त्या जागी घातलं 'तांत्रिक त्रुटी'. म्हणजे चूक कोणाची, तर तंत्राची! माणूस कुठे आहे त्यात? तो माणूस तब्येतीचं कारण देऊन रजेवर गेला आणि दुसऱ्या शहरात आणखी मोठ्या खुर्चीवर जाऊन बसला.

बसू दे. ठोकळा पृथ्वीभोवती फिरतोय. त्याच्याही डोक्यावरून जातो.

बहिणीला ते एक वाक्य मिळालं, तिच्या कानांनी ऐकायला. तिला आता झोप लागते. मला नाही लागत.

कारण शिडी शपथेवर सांगते, की ठोकळा आजही मुका आहे. कुठेकुठे रेडिओला कान लावून बसलेल्या लोकांना तिने विचारलं. कोणालाही, कधीही, काही ऐकू आलेलं नाही.

पण माझ्या कारखान्यात ती कापलेली टेप खिळ्याला टांगलेली आहे. एका सकाळी मी दारं लावून पॉलिश करत होतो. वासाने डोकं जड झालं होतं, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मागून... खट्!

वळून पाहिलं. टेप खिळ्यावर होती तशीच. हलतही नव्हती.

पीं पीं पीं...

मी धडपडत खिडक्या उघडल्या. गार हवा आत आली, आणि आवाज बंद. तेव्हापासून खिडकी लावायची हिंमत नाही केली. मनात म्हटलं, पोरगी मामाची काळजी घेते. जरा बरंही वाटलं.

पण आज सकाळी पुन्हा वाजलं.

खिडक्या सताड उघड्या होत्या. दारही उघडं. मी कपाळाला हात लावून पाहिला, डोकं अगदी स्वच्छ.

तरी वाजत होतं. थांबेचना.

म्हणजे आजचं माझ्यासाठी नव्हतं.

मग कोणासाठी? कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीवर एखादा डबा बोंबलतोय, आणि कोण पांढऱ्या कपड्यातला शहाणा म्हणतोय, पाहुणे येणार आहेत, त्याचं तोंड बांधा?

मी हे लिहितोय तोवर ते सुरूच आहे.

पीं पीं पीं...

थांबतं...