सुपाचा वारा

बसा, मेणबत्ती लावतो. आमच्या गोंदियाचं लोडशेडिंग म्हणजे जावई, आलं की लवकर हलत नाही.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि कॉम्प्युटरवाल्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. दोन हजार आठच्या मे महिन्यात मुर्रीकडच्या एका राइस मिलमधून बोलावणं आलं. मालक भैयाजी कूलरसमोर पसरलेले. ऑपरेटर पिंकीच्या कोपऱ्यात मात्र वाऱ्याचं नाव नाही. मी मशीन चालू केली. ती शिटी मारून पडद्यावर म्हणाली, प्रोसेसरचा पंखा बंद आहे, पुढे जायचं तर एफ-वन दाबा.

"रोज दाबतोच ना," भैयाजी म्हणाले. "दोन साल झाले, कुछ नहीं हुआ."

यंत्र दोन वर्षं बोंबलतंय आणि हा शहाणा त्याचं तोंड दाबतोय. अशा माणसाला समजावणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. मी डबा उघडला. पंख्याच्या पात्यांत धानाचा कोंडा गच्च बसला होता. प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं, पंखा थांबला की घटकाभरात तापून बंद पडतं. इथे खोलीत अंगाची लाही होत होती आणि पडद्यावर प्रोसेसरचं तापमान माठातल्या पाण्याचं.

"सेन्सर बिघडलाय," मी म्हणालो आणि बोट लावून पाहिलं. प्रोसेसर खरंच गार होता.

पिंकी जवळ आली. "पंखा नका बसवू भाऊ... हर्षाबाईचं काम जाईल."

"कोण हर्षाबाई?"

"माह्या आधी इथं होती. भैयाजी म्हणे, मशीन जळली तं तुले काढून टाकीन. मंग डबा उघडून दिवसभर सुपानं वारा घाले. मागच्या उन्हाळ्यात ऊन लागलं... इथंच गेली." ती कोपऱ्याकडे बघत नव्हती. "अजून घालून राहिली."

"मग तर बरंच. सुटेल बिचारी," मी हसलो. मालक गाढव, नोकर भोळसट. मी नवा पंखा बसवला. मशीन निमूट सुरू झाली, शिटी नाही की तक्रार नाही. तापमान चढू लागलं, जसं चढायला हवं तसं.

तेवढ्यात माझ्या मानेला वारा लागला. मागे कोणी नव्हतं. ताज्या कोंड्याचा वास आला... आणि सावकाश, फड्... फड्...

पिंकी मागे सरकली. "म्या सांगतलं होतं तुमाले... काम गेलं तं थे कोठं जाईल?"

भरउन्हात लुनावरून घरी आलो, अंगावर घामाचा टिपूस नाही. तेव्हापासून अंग गार पडत चाललंय. डॉक्टर थर्मामीटर झटकून झटकून पुन्हा लावतात. बिघडलाय म्हणतात. या उकाड्यात मी घोंगडं घेऊन बसलोय आणि मला भीती वाटते, हे कुठवर उतरणार याची.

ज्योत बघा कशी वाकलीय. दारं-खिडक्या तर मीच लावल्यात... जरा इकडे सरका. तुमच्या खांद्यावर धानाचा कोंडा पडलाय.