सातवं कलम

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा आत दोघंच होती. अर्थखात्यातली ती, आणि बगलेत नकाशांची गुंडाळी धरलेला एक मिस्कील डोळ्यांचा इंजिनियर.

तिला अख्खं सचिवालय 'कात्री' म्हणायचं. देशाच्या उत्पन्नाच्या शंभरामागे तीनच्या वर सरकारची तूट जाऊ द्यायची नाही, हा नियम ती डोळ्यांत तेल घालून राखायची. ती जिन्यात दिसली की मंत्री आलेली शिंकही गिळत म्हणे... शिंकेला रुमाल लागतो, आणि रुमाल म्हणजे खर्च.

"या लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे कोणी कापले, ठाऊक आहे?" तो म्हणाला. "त्या कात्रीने."

"हो का? भेटलात तिला?"

"चारच्या बैठकीआधी गाठायचीय. तीन वर्षं माझा पूल कापतेय. आज गेला, तर कायमचाच."

"परवडत नसेल."

"चांगल्या वर्षांत कापला, बरोबरच होतं. पण यंदा गिरण्या बंद, दुकानं ओस, जो तो मूठ आवळून बसलाय. सरकारनेही आवळली, तर नदीपलीकडच्या हजार हातांना काम कोण देणार?"

"आज तुम्ही उधळा, नातवंडं फेडतील."

"म्हणून तर तुटीच्या नियमात सातवं कलम आहे. मंदीत मर्यादा ओलांडायची, पण परतायची तारीख लिहून. लिहिणारा भेटला ना, तर हात हातात घेईन त्याचा."

ती कानांपर्यंत लाल झाली. "मी लिहिलंय ते..."

गुंडाळी खाली पडली. "म्हणजे तुम्ही —"

"कात्री."

त्याने वाकून गुंडाळी उचलली. मग हळूच म्हणाला, "मग कधी वापरलं का नाहीत?"

"भीती वाटते. एकदा दार उघडलं की सगळेच घुसतील. आठ वर्षांची राखण एका दुपारी पाण्यात."

"दारात तुम्ही उभ्या असाल ना. कोणाची छाती आहे घुसायची?" त्याने नकाशाच्या पाठीवर लिहिलं: पूल दोन वर्षांत पुरा, वर एक दिवस नाही. कागद देताना बोटं बोटांना लागली... दोघांनीही लगेच सोडवली नाहीत. तेवढ्यात लिफ्टने गचका दिला आणि ती वर सरकली.

चार वाजता तिने सातवं कलम उघडलं आणि अकरा मंत्री तुटून पडले. कोणाला विश्रामगृह हवं, कोणाला कारंजं, एकाला तर स्वतःचाच पुतळा. तिची कात्री अशी सपासप चालली की तिच्या वाऱ्यापुढे पंखे बंद करावे लागले. आज माणसं कामाला लावेल आणि दोन वर्षांत संपेल, तेवढंच राहिलं. पूल राहिला.

"बाई, नियम वाकवलात की वाचवलात?" सही करताना सगळ्यांत म्हाताऱ्या मंत्र्यांनी विचारलं.

"दोन्ही, साहेब."

बाहेर तो भिंतीला टेकून उभा होता. तिचा चेहरा पाहूनच त्याला कळलं.

"उद्यापासून नदीकाठी मुक्काम," तो म्हणाला. "दोन वर्षं."

"दर शनिवारी तपासणीला कोणीतरी यावं लागेल."

"कोणाला पाठवाल?"

"माझा कोणावर विश्वास नाही. मीच येईन."

"प्रवासखर्च कुठल्या खात्यातून?"

"माझ्या पगारातून."

हे ऐकून पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाच्या हातातला चहा कपातच गोठला म्हणतात.

"शनिवारचं झालं," तो म्हणाला, "पण रविवारी...?"

"रविवारी तुम्ही यायचं. आईला भेटायला."