सरकीच्या गोदामातली साठ पावलं

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यावरच बेतलेलं आहे. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण खाली "दारू पिऊन होता" असं कुणी लिहू नका. मला शुगर आहे, मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो.

तारीख ९ मे २०२४, गुरुवार. भर दुपारी पाऊण वाजता.

जागा, मलकापूरबाहेरच्या, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनिंगचं सरकीचं गोदाम. तिथं एकवीस वर्षं चाव्या माझ्याकडे आहेत.

डॉक्टरांनी मला रोज सहा हजार पावलं चालायला सांगितलं होतं. म्हणून माझ्या मुलीनं, निशिगंधानं, पावलं मोजणारं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. मला त्याचा काडीचा भरवसा नव्हता. बसल्या बसल्या तंबाखू चोळली तरी पावलं वाढायची.

"पप्पा, हात हलला का ते मोजते. चीटिंग नका करू," ती हसायची.

त्या दिवशी मी घड्याळाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. हंगाम संपलेला, गोदाम रिकामं, आत सावली. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत माझी बरोबर साठ पावलं होतात.

भिंतीशी जाऊन पाहिलं...

एकशे वीस.

म्हटलं, हात जास्त हलला असेल. परतताना हात खिशात घट्ट धरून ठेवला.

पुन्हा एकशे वीस वाढली.

बरोबर दुप्पट. चुकणारं यंत्र इतकं नेमकं चुकत नाही.

तिसऱ्या खेपेला परत भिंतीशी पोचलो, आणि मागं लोखंडी दार सरकलं...

कडी पडली.

आमच्याकडे एक रीत आहे. गोदाम लावण्याआधी दारात उभं राहून तीनदा हाक मारायची, "आत कोनी हाय का?" मग थोडं थांबायचं. मगच कडी. मला एकही हाक ऐकू आली नव्हती.

मी धावलो. दार बडवलं. घसा बसेपर्यंत ओरडलो.

बाहेर चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या दिवशी अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेची सुटी, जिनिंग थेट सोमवारी उघडणार. फोन ऑफिसात चार्जिंगला. बायकोला वाटणार, मी ठरल्याप्रमाणे जळगावला बहिणीकडे गेलो. वर तापलेले पत्रे, आत पाण्याचा थेंब नाही. चार दिवस मी तग धरणार नव्हतो, हे मला तेव्हाच कळलं.

दाराला पाठ टेकून बसलो. हात गुडघ्यावर ठेवला. हलवला नाही.

घड्याळ उजळलं...

आकडा वाढत होता.

साठनं वाढला. थांबला.

मग परत साठ.

आवाज नव्हता. पण भिंतीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीपर्यंत कुणीतरी चालत होतं.

कोण, ते मला माहीत होतं.

आमच्याकडे रुखमाबाई कामाला होती. नऊ वर्षांपूर्वी, अखजीच्या आदल्याच दिवशी, ती पोत्यांमागं गारव्याला आडवी झाली होती. दार मी लावलं. "तीनदा हाक मारली," असं मी मालकाला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, तिच्या नवऱ्यालाही सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली.

मी एकदाच हाक मारली होती. एसटी सुटत होती म्हणून.

सुटी संपल्यावर दार उघडलं तेव्हा ती दाराशीच पडलेली होती. जमिनीवर सरकीची धूळ होती, आणि त्या धुळीत दारापासून भिंतीपर्यंत येऊन जाऊन पायवाट पडली होती. ती मीच झाडून टाकली.

"रुखमाबाई," मी म्हणालो. "म्या एकदाच हाक मारली व बाई. खोटं बोललो मी."

आकडा वाढतच होता...

साठावर थांबला.

म्हणजे ती दाराशी होती. माझ्याजवळ.

मी आकड्यावर डोळे लावून बसलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग बाहेरून कडी निघाली आणि मी उजेडात उताणा पडलो. समोर आमचा वॉचमन उत्तमराव होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं.

"हाक काऊन नाई मारली बे?" मी ओरडलो.

"मारली ना भाऊ! तीनदा मारली. आतून बाई बोलली, 'कोनी नाई, लावा दार.' फाट्यापावतर गेलो, मंग ध्यानात आलं... यंदा तं आपल्याकडं बाईमानूस कामालेच नाई."



घरी येताच मी घड्याळ काढून कपाटात टाकलं. चार दिवसांनी निशिगंधाला परत द्यायला बाहेर काढलं. तळहातावर ठेवलं. माझा हात स्थिर होता.

घड्याळ उजळलं...

आकडा चौदानं वाढला. थांबला.

परत चौदा.

आमच्या घरात दारापासून देव्हाऱ्यापर्यंत चौदा पावलं होतात. मी मोजली आहेत.

आता बाहेर जाताना बायको कुलूप लावू लागली की मी तिला थांबवतो. रिकाम्या घराकडे तोंड करून तीनदा हाक मारतो आणि थांबतो. शेजारचे हसतात. हसू देत.

अजून तरी आतून कुणी बोललेलं नाही.