पहिल्या ओळीतले नाव

दुसऱ्याच्या घामावर आपले नाव कोरणाऱ्याचा हिशेब कोण घेतो, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

एका कार्यालयात एक वृद्ध प्रोग्रामर होते. सारे त्यांना मास्तर म्हणत. सकाळी प्रत्येक प्रकल्पाच्या फायली एकेक करून उघडण्यात सर्वांचा अर्धा तास जाई. मास्तरांनी त्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. एक शब्द टाइप केला की सारे प्रकल्प आपोआप उघडत, तेही आदल्या दिवशी हात जिथे थांबला होता त्याच ओळीवर. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत मास्तरांचे नाव होते. अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी तो आपल्या शिष्याला दिला.

"वापर बाबा. नाव तेवढं राहू दे."

मास्तर गेले. तेराव्या दिवशी शिष्याने ते नाव पुसून आपले घातले. तीन दिवसांनी वरिष्ठांपुढे प्रोग्राम दाखवायचा होता आणि विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या सकाळी आपल्या खोलीत बसून त्याने शब्द टाइप केला. प्रकल्प उघडले. शेवटी एक अनोळखी फाईलही उघडली. तिच्यात एवढेच होते: खोली. खिडक्या दोन. दार एक. माणूस एक.

त्याने ती पुसली.

तिसऱ्या सकाळी ती पुन्हा आली. खिडकी एक. त्याने मान वळवली. डावीकडे सपाट भिंत होती. ओल्या चुन्याचा वास येत होता.

"इथे खिडकी होती ना हो?" त्याने दाराबाहेरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आत बोलावून विचारले.

"खुर्ची मिळायच्या आधीच डोकं फिरलं का, साहेब?" सहकारी हसत निघून गेला.

दुपारी मास्तरांच्या पत्नीचा फोन आला.

"भावजी, उद्याच्या सभेत ह्यांचं नाव एकदा घ्याल ना? एवढंच मागते."

पहिली ओळ त्याच्या डोळ्यांपुढेच होती. एक नाव पुसायचे, एक लिहायचे. सुटका तेवढ्यावरच होती, हे त्याला उमगले होते. देव अशी वेळ प्रत्येकाला एकदा देतो.

"बघू, वहिनी," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चौथ्या सकाळी, सभेला घटकाभर अवकाश असताना, त्याने दार लोटून घेतले आणि शब्द टाइप केला.

खिडकी नाही. दार नाही. माणूस एक.

चुन्याचा वास दाटला. जिथे दार होते तिथे त्याने तळहात टेकला... भिंत गार होती. पलीकडून सहकारी कोणाला तरी विचारत होता, "साहेब अजून आले नाहीत?" तो ओरडला, कोणी वळल्याची चाहूलही आली नाही. धावत येऊन त्याने पहिल्या ओळीत मास्तरांचे नाव लिहिले. अक्षरे उलट्या क्रमाने पुसली गेली. त्याने पुन्हा लिहिले...

सभेच्या वेळी सहकाऱ्याने ती खोली उघडली. दार जागेवर होते, खिडक्याही दोन होत्या, खुर्ची मात्र रिकामी. शिष्य कोणाला पुन्हा दिसला नाही.

ते कार्यालय आजही तोच शब्द टाइप करते. प्रकल्प उघडतात, आणि शेवटी एक फाईल. तिच्या पहिल्या ओळीत कोणीतरी मास्तरांचे नाव अक्षर अक्षर लिहीत असते. शेवटचे अक्षर पडले की ओळ कोरी होते, आणि लिहिणारा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.