चौथ्या मजल्यावरची चप्पल

"दिवा राहू दे बंद," मोठे काका म्हणाले. "आणि मध्येच खिदळायचं नाही. ही माझ्या साडूची गोष्ट आहे."

पोरं सरकून जवळ बसली. धाकटी पुतणी तर काकांच्या गुडघ्यालाच चिकटली.

साडू पाच मजली इमारतीचा सेक्रेटरी, राहायला पाचव्यावर. मार्च महिन्यातला बुधवार होता, रात्रीचे साडेदहा. दुसऱ्या दिवशी कोर्टात साक्ष होती, म्हणून इस्त्रीला टाकलेला पांढरा शर्ट आणायला तो लिफ्टनं खाली उतरला. इस्त्रीचं दुकान फाटकाला लागूनच. पूर्वी तिथे नवरा-बायको दोघं उभी असायची. आता एकटी बाई.

"नवरा कुठे गेला?" पुतण्यानं विचारलं.

"अरे, तीच तर साक्ष होती."

झालं होतं ते असं. चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराचं कुलूप झिजलं होतं. लिफ्ट समोर नसली तरी दार उघडायचं. मेकॅनिकनं बजावलं होतं, कुलूप बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवा. साडू म्हणाला, "लोक माझं डोकं खातील. चालू दे आठवडाभर." त्याच आठवड्यात इस्त्रीवाला हनुवटीपर्यंत कपड्यांचा गठ्ठा घेऊन आला, कोपरानं दार ढकललं, पाऊल टाकलं... आत लिफ्टच नव्हती.

आवाज ऐकून साडू सगळ्यांच्या आधी पोचला. खालच्या खड्ड्यातून हाक येत होती. "साहेब... पाणी..."

दारापाशी इस्त्रीवाल्याची एक चप्पल राहिली होती, अंगठा लाल दोऱ्यानं शिवलेली. साडूनं ती उचलली. दाराच्या फटीत नीट कोंबली. आणि मग आरडाओरडा केला. ओझं वाहणारी माणसं लिफ्ट अडवून ठेवायला दारात चप्पल घालतात, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. "यानंच कुलूप मोडलं," साडू म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. माणसं खाली पोचेपर्यंत हाक थांबली होती.

बाईनं दावा लावला. दोष सोसायटीचा ठरला तर तिला भरपाई आणि साडूवर निष्काळजीपणाचा खटला. दोष चप्पलवाल्याचा ठरला तर तिच्या पदरात काही नाही. सगळं साडूच्या साक्षीवर येऊन ठेपलं होतं.

बाईनं शर्ट त्याच्या हातात दिला. "साहेब, उद्या खरं तेवढं सांगा. पोरीची शाळा सुटलीय."

"मी पाहिलं तेच सांगणार." साडूनं शर्ट दिव्याखाली धरला. "आणि ही बघ, बाहीवर चुणी राहिलीय. कोर्टात माझं हसं करायचंय का?"

बाईनं मुकाट्यानं पुन्हा इस्त्री फिरवली.

तो परत आला आणि बटण दाबलं. लिफ्ट येईना. चौथ्यावरच अडकलेली.

"कोण आहे रे तिकडे? दार लावा!"

शर्ट सांभाळत, शिव्या देत तो जिना चढला.

चौथ्यावर दार किलकिलं होतं. फटीत चप्पल.

अंगठ्याला लाल दोरा.

ती तर पोलिसांनी सील करून नेली होती...

लिफ्टमध्ये दिवा होता. आत कोणी नाही. ओल्या कापडावर इस्त्री फिरवल्यासारखा वास तेवढा येत होता. साडूला वाटलं, बाईचाच डाव. साक्षीआधी मला घाबरवतेय. त्यानं चप्पल हिसकली. ती गरम होती. जिन्यावर भिरकावली, आणि रागारागानं आत पाऊल टाकलं.

दिवा गेला.

आत लिफ्ट नव्हती.

"मेला?" कोणीतरी कुजबुजलं.

"लगेच मेला असता तर सुटला असता."

कंबर मोडली होती. तो हाका मारू लागला. "पाणी... कोणीतरी या..."

आता ऐका. इस्त्रीवाला गेल्यापासून त्या खड्ड्यातून रात्री हाक येते, असं लोक बोलायचे. म्हणून चौथ्यावरच्यांनी कडी घातली. तिसऱ्यावर टीव्हीचा आवाज वाढला. पाचव्यावर माझ्या मेहुणीला वाटलं, नवरा वकिलाकडे थांबला असेल. तिनं पोरांच्या कानांवर हात ठेवले. म्हणाली, "झोपा. तो इस्त्रीवाला आहे."

सकाळपर्यंत... तो हाका मारत होता.

बाहेर काढल्यावर दुपारपर्यंत जीव होता. तेवढ्यात त्यानं मेहुणीला सगळं सांगितलं. चपलेचंसुद्धा. तिनं ते मला सांगितलं, कोर्टाला नाही. उलट तिनंच सोसायटीवर दावा लावला. मेकॅनिकनं दार तपासलं. कुलूप इस्त्रीवाला गेल्यावर बदललेलं, नवं कोरं, लिफ्ट नसताना उघडतच नव्हतं. नव्या सेक्रेटरीनं साक्ष दिली, "मयतानं बघून पाऊल टाकायला हवं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आणि त्या बाईचा दावा?"

"साक्षीदारच गेला. अजून तारखा पडतात."

"काका," धाकटी हळूच म्हणाली, "त्यांच्या हातात शर्ट होता ना?"

"होता."

"तो पण खड्ड्यात पडला?"

"खड्ड्यात नाही सापडला." काकांनी आवाज खाली आणला. "सकाळी मेहुणीनं घराचं दार उघडलं... तर बाहेर कडीला लटकत होता. एक चुणी नाही... हात लावला तिनं.

"अजून गरम होता."